दुर्गाडी किल्ला

दुर्गाडी किल्ला : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील एक ऐतिहासिक किल्ला. कल्याण शहराच्या पश्चिम कडेस, उल्हास नदीच्या डाव्या तीरावर, खाडीला लागून असलेल्या एका लहान टेकडीवर तो वसला आहे. माहुली, मलंगगड यांसारख्या सह्याद्रीच्या परिसरातील दुर्गांशी उंचीच्या बाबतीत त्याची तुलना होऊ शकत नाही. पायथ्याच्या रस्त्यावरून माथ्यावर जाण्यास काही मिनिटे पुरतात. तथापि कल्याणसारख्या दोन हजार वर्षे नांदत्या बंदराचा हा पहारा असल्याने कोकणच्या इतिहासात त्यास त्याच्या आकारमानाहून कितीतरी अधिक महत्त्व लाभले. टेकडीवर दुर्गादेवीचे मंदिर, मशीद व ईदगाह असून बुरूज व तटबंदी यांचे काही अवशेष आढळतात.

स्थान : उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीत उगम पावते आणि कर्जत, बदलापूर या गावांवरून वाहत कल्याणला येते. तिची एकूण लांबी सु. १२० किमी. असून कल्याणच्या आसमंतात तिला काळू व भातसा या नद्यांचे पाणी मिळते. येथून पुढे नदी आणि खाडी यांतील सीमारेषा पुसट होते. भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते. ओहोटीला पात्राच्या कडेचा चिखल उघडा पडतो. ठाण्याजवळ प्रवाहाला दोन फाटे फुटतात. एक घोडबंदरवरून वसईकडे समुद्राला मिळतो व दुसरा ठाण्याच्या खाडीने मुंबई बंदराकडे जातो. साष्टी बेटाच्या उत्तरेकडून अथवा दक्षिणेकडून, कोणत्याही वाटेने समुद्रावरून आत आलेले गलबत अखेर कल्याणच्या याच वळणावर येत असे. दुर्गाडीची टेकडी नेमकी या वळणावर उभी आहे. तीवर ठेवलेल्या चौकीला येणारे प्रत्येक शीड दुरूनच दिसे. बंदर आणि गाव या दोहोंमधील जागाही तीच होती.

टेकडी दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. सभोवतालचा प्रदेश सखल, खाजणाचा आणि पूर्वी मिठागरांचा व भातशेतीचा असल्याने एवढा लहानसा उंचवटाही ठळकपणे नजरेत भरतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी या नद्यांच्या पुराने कल्याण परिसरातील सखल वस्त्या जलमय झाल्या. तटबंदीसाठी ही जागा का निवडली गेली, याचे उत्तर अशा प्रसंगी निराळे शोधावे लागत नाही.

पूर्वपीठिका : किल्ल्याचे आजचे बांधकाम सतराव्या शतकापूर्वीचे मानण्यास आधार नाही, परंतु ज्या बंदरासाठी तो उभारला गेला ते बंदर फार प्राचीन आहे. कान्हेरी आणि जुन्नर येथील सातवाहनकालीन कोरीव लेखांत कल्याणच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. दात्यांत व्यापारी व कारागीर येतात. पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात कल्याणचा (कॅलिएना) उल्लेख असून, तेथे एके काळी रीतसर व्यापार चाले. पुढे मात्र तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. क्षत्रप व सातवाहन यांच्यातील जकातीच्या उत्पन्नासाठीच्या स्पर्धेचा हा पुरावा मानतात. सहाव्या शतकातील कॉस्मस इंडिकोप्ल्यूस्टीझ या लेखकाने कल्याणहून पितळ, शिसवी लाकूड व कापड यांचा व्यापार चालत असल्याचे नमूद केले आहे. नाणेघाटाने जुन्नर व पैठणकडे जाणारा व्यापारी मार्ग आणि समुद्राकडे जाणारी खाडी यांची गाठ कल्याणला पडत होती. माल बैलांवरून उतरून नावेत चढत असे तो याच काठावर.

चौदाव्या शतकापासून कल्याणवर मुसलमानी सत्तांचा अंमल होता व या काळात त्यास इस्लामाबाद असेही नाव मिळाले. १५३६ मध्ये पोर्तुगीजांनी ते घेतले, पण तेथे शिबंदी ठेवली नाही. १५७० मध्ये त्यांनी पुन्हा चढाई करून गावाची उपनगरे जाळली. निजामशाही बुडाल्यावर १६३६ च्या तहान्वये उत्तर कोकणचा हा प्रदेश विजापूरच्या आदिलशाहीकडे आला.

शिवकाल : शिवाजी महाराजांनी कल्याण केव्हा घेतले, याविषयी जुन्या व नव्या ग्रंथांत तफावत आढळते. ग्रँट डफने व त्यास अनुसरून इंग्रजी गॅझेटीअरांनी आबाजी सोनदेवाने १६४८ मध्ये कल्याण घेतल्याचे लिहिले. शकावल्यांच्या अभ्यासानंतर मात्र २४ ऑक्टोबर १६५७, म्हणजे शके १५७९ च्या आश्विन वद्य द्वादशीस, कल्याण व भिवंडी स्वराज्यात दाखल झाल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. आबाजी सोनदेवाने कल्याणच्या सुभेदाराची सून नजर केली व महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठविले, ही महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाणारी कथा याच प्रसंगाशी जोडलेली आहे. ती उत्तरकालीन परंपरेतून आलेली असून समकालीन कागदपत्रांचा तिला पाठिंबा नाही. महाराजांच्या स्त्रीविषयक धोरणाचे इतर पुरावे भक्कम असल्याने या एका कथेवर ते अवलंबून नाही.

कल्याणच्या ताब्यामुळे महाराजांना प्रथमच खाडीचे मुख मिळाले. गोव्याच्या पोर्तुगीज शासनाच्या १६ ऑगस्ट १६५९ च्या पत्रात, शहाजीच्या पुत्राने वसई व चौल यांच्या नजीकचा मुलूख घेतला असून तो भिवंडी, कल्याण व पनवेल या ठिकाणी लढाऊ गलबते बांधत आहे, तेव्हा त्यास समुद्रात येऊ देऊ नये, अशा आशयाचा मजकूर आहे. ही गलबते बांधण्याच्या कामी रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज व त्याचे सहकारी होते. वसईकरांनी चिथावल्यावर ते काम सोडून निघून गेले, तरी आरमाराची उभारणी थांबली नाही. मराठी आरमाराचा आरंभ कल्याणच्या खाडीत झाला, या विधानास असा परक्यांचा, तोही शत्रुपक्षाचा, समकालीन पुरावा आहे. दुर्गाडीच्या टेकडीच्या पायथ्याशीच गोदी होती असे जे सांगतात त्याला मात्र तितका नेमका आधार दाखविता येत नाही. पत्रात गावांची नावे आहेत, टेकडीचे नाही. काठाची ठेवण पाहता ती कल्पना संभवनीय आहे, एवढेच म्हणता येईल. किल्ल्याचा पाया खणताना द्रव्य सापडल्याची कथाही अशीच ऐकू येते. तशीच कथा तोरण्याविषयीही सांगतात.

१६६० नंतर मोगल आणि मराठे यांच्यात कल्याणचा ताबा अनेकदा पालटला. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७५ मध्ये जुन्नरला जाताना कल्याणवरून गेला. तेथील उद्ध्वस्त इमारतींवरून त्याने गावाच्या पूर्वीच्या समृद्धीची कल्पना केली आहे. संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत १६८२-८३ च्या सुमारास मोगल सरदार रणमस्तखान व मराठी फौजा यांच्यात या परिसरात निकराच्या झुंजी झाल्या. १६८९ मध्ये मातबरखान या मोगल अधिकाऱ्याने कल्याण घेतले व नंतरची अनेक वर्षे तो येथील कारभार पाहत होता.

बांधणी : कल्याणच्या कोटाचे दोन भाग समजून घेतल्यावाचून आज दिसणाऱ्या अवशेषांचा उलगडा होत नाही. पहिला भाग म्हणजे गावाभोवतीचा दगडी कोट. त्याने सु. ७० एकर (सु. २८ हेक्टर) क्षेत्र वेढलेले असून त्यास चार दरवाजे व अकरा बुरूज होते. दुसरा भाग म्हणजे या कोटाच्या बाहेरच्या अंगास नदीकाठच्या टेकडीवर असलेला बालेकिल्ला. आज ‘दुर्गाडी किल्ला’ या नावाने जो ओळखला जातो तो हा बालेकिल्लाच होय. गावाचा कोट जवळजवळ नामशेष झाला आहे. बंदर, पनवेल, आधारवाडी अशी त्याच्या दरवाजांची नावे होती. त्यांपैकी आधारवाडी हे नाव शहराच्या एका मोठ्या विभागास अद्याप आहे.

ही तटबंदी शाहजहानच्या काळात (१६२८–५८) सुरू होऊन औरंगजेबाच्या काळात १६९४ मध्ये पुरी झाली, असे १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटीअरवरून सर्वत्र लिहिले जाते. तिचा आरंभ शाहजहानचा मंत्री मातबरखान याने केला, अशीही स्थानिक आख्यायिका त्यात नोंदलेली आहे. या माहितीत कालविपर्यास दिसतो. मोगल व पोर्तुगीज कागदपत्रांतून ज्ञात असलेला मातबरखान औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेतील असून १६९३ मध्ये त्याने पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतावर केलेली चढाई प्रसिद्ध आहे. तेव्हा १६९४ हे वर्ष त्याच्याशी जुळते, शाहजहानची कारकीर्द जुळत नाही. शिवाय १६३६ ते १६५७ या काळात कल्याण विजापूरकरांकडे होते. तेथे मोगल मंत्र्याने कोट बांधावयास घ्यावा, हे संभवत नाही. कोटाचा मुख्य भाग सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील, पूर्वीच्या मराठी व विजापुरी बांधकामावर किंवा त्याशेजारी उभा राहिलेला असावा. मातबरखानाची कबर कल्याणमध्येच शेणाळे तलावानजीक आहे. हा तलाव काळा तलाव या नावानेही ओळखला जातो.

मराठ्यांनी १७१९ च्या सुमारास कल्याण परत मिळविले. पुढे १७३७–३९ च्या साष्टी व वसईच्या मोहिमांत पेशव्यांच्या फौजांना रसद व माणसे पुरविण्याचे काम कल्याण सुभ्याने केले. पेशवाईत येथे कोकणच्या सरसुभेदाराचे ठाणे होते. रामजी महादेव बिवलकर हा सरसुभेदार विशेष प्रसिद्ध आहे. गावातील सुभेदारवाडा त्या काळाची आठवण देतो. १८९५ पासून त्या वाड्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. याच पेशवेकाळात, १७६० ते १७७२ च्या दरम्यान, बालेकिल्ल्याच्या आवारात दुर्गादेवीचे एक लहान लाकडी मंदिर बांधण्यात आले आणि एक नवा दरवाजाही काढण्यात आला. दुर्गादेवीवरून टेकडीला दुर्गाडी हे नाव पडले. म्हणजे शिवकालातील घटनांच्या वर्णनात ‘दुर्गाडी’ हे नाव जेव्हा वापरले जाते तेव्हा ते मागाहूनचे नाव पूर्वकाळाला लावलेले असते. त्यात वावगे काही नाही, पण कागदपत्रांत शोध घेणाऱ्याने ‘कल्याणचा कोट’ या नावाने तो घ्यावयास हवा.

पहिल्या इंग्रज–मराठे युद्धात, १७८० च्या मे महिन्यात, इंग्रजांनी कल्याण घेतले व कॅप्टन कँबेल यास तेथे ठेवले. मुंबई व ठाणे यांची रसद घाटावरून तोडण्यासाठी मराठ्यांना कल्याण हवे होते. ती चालू ठेवण्यासाठी इंग्रजांना. मराठी फौजेने कोटास वेढा दिला. निर्णायक हल्ल्याच्या ऐन तोंडावर कर्नल हार्टलीची कुमक येऊन पोचल्याने वेढा उठला. सालबाईच्या तहाने (१७८२) हा मुलूख पुन्हा पेशव्यांकडे गेला आणि १८१७-१८ मध्ये पेशवाईबरोबर कायमचा कंपनी सरकारच्या हाती आला.

ऱ्हास : कल्याणच्या कोटाचा नाश तोफांनी झाला नाही, तो धक्क्यांनी झाला. इंग्रजी अंमलात तटबंदीची लष्करी गरज संपताच तिचा तयार घडीव दगड सरकारी कामांस उपयोगी पडू लागला. कल्याण आणि ठाणे या दोन्ही बंदरांचे धक्के बांधण्यासाठी कोटाचे दगड काढून नेण्यात आले. जो कोट बंदराच्या रक्षणासाठी उभारला, त्याच्याच दगडांवर पुढे बंदरातला माल उतरू लागला. थोड्याच काळात बंदराचीही तीच अवस्था झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला आणि १ मे १८५४ रोजी तो कल्याणपर्यंत पोचला. पुढे बोरघाट व थळघाट यांकडे जाणारे दोन्ही मार्ग कल्याणहून फुटले. जहाजाची जागा आगगाडीने घेतली, शहराचे तोंड खाडीकडून स्थानकाकडे वळले आणि किल्ला शहराच्या पाठीमागे पडला. आजही रेल्वेने येणाऱ्या प्रवाशाला कल्याण हे नदीकाठचे गाव आहे याची जाणीव सहसा होत नाही.

देवालयातील मूर्ती इंग्रजी अमदानीत चोरीस गेल्याची नोंद गॅझेटीअरमध्ये आहे. आजची मूर्ती व मंदिराचे आजचे रूप ही त्यानंतरची आहेत.

धार्मिक स्थळे व मालकीचा वाद : माथ्यावर थोड्याच अंतरात हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांची पूजास्थाने आहेत. आश्विन नवरात्रात देवीची यात्रा भरते आणि शहरातील व आसपासच्या गावांतील मोठा समुदाय दर्शनास लोटतो. ईदच्या दिवशी ईदगाहपाशी नमाज पढला जातो. एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत मशीद व देवालय यांचा उल्लेख एकाच परिच्छेदात, कोणत्याही वादाशिवाय येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हा किल्ला राजकीय व न्यायालयीन संघर्षाचा विषय बनला. बकरी ईदच्या नमाजाच्या वेळी मंदिरात जाण्यास प्रशासनाकडून बंदी घातली जाते. तिच्या निषेधार्थ ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांनी १९८६ पासून घंटानादाचे आंदोलन सुरू केले व ते त्यांच्या निधनानंतरही (२००१) चालू राहिले. दुसऱ्या बाजूस, एका मुस्लिम न्यासाने जागेच्या मालकीसाठी १९७६ मध्ये दिवाणी दावा दाखल केला होता. कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने १० डिसेंबर २०२४ रोजी तो फेटाळला आणि किल्ल्याची जागा शासनाच्या मालकीची असल्याचा निर्णय दिला. या निर्णयाविरुद्ध अपील करण्यात आले.

सणांच्या दिवशी टेकडीवर पोलिसांचा बंदोबस्त असतो व जाण्यायेण्यावर निर्बंध येतात. वास्तूच्या दृष्टीने या वादाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. दोन्ही पक्षांचे लक्ष पूजास्थानांवर केंद्रित झाल्याने तट, बुरूज व विहीर यांकडे, म्हणजे ज्यांमुळे ही जागा किल्ला ठरते त्या भागांकडे, तुलनेने कमी पाहिले गेले. जतनाचे कोणतेही काम हाती घेतले की ते कोणाच्या बाजूचे, असा प्रश्न प्रथम उभा राहतो. दगडाला तेवढा अवधी नसतो. चुन्याची जोडणी सुटली आणि सांध्यांत वड–पिंपळाची मुळे शिरली, की एका पावसाळ्यात होणारे नुकसान पुढील दहा वर्षांत भरून निघत नाही.

किल्ल्याचे दर्शन : ठाण्याहून किल्ल्यास जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतून होणारे किल्ल्याचे प्रथमदर्शन अगदी भिन्न आहे. ठाणे शहराच्या जुन्या भागातील टेंभी नाका हा चौक दोहोंचा आरंभबिंदू मानता येईल. ‘टेंभी’ हे नाव उंचवटा या अर्थाच्या टेंब, टेंभ या शब्दांशी निगडित असावे. कोकणातील स्थळनामांत हे शब्द वारंवार भेटतात. आनंद दिघे यांचे निवासस्थान असलेला आनंद आश्रम याच नाक्यावर आहे आणि त्यांनी १९७८ मध्ये येथे सुरू केलेल्या नवरात्रोत्सवाने हा चौक जिल्हाभर प्रसिद्ध झाला. नवरात्रात टेंभी नाका व दुर्गाडी या दोन्ही ठिकाणी देवीच्या दर्शनाला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. नाक्याच्या जवळच ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी सुरू केलेला व मराठ्यांनी १७३७ मध्ये हस्तगत केलेला हा भुईकोट एकोणिसाव्या शतकापासून तुरुंग म्हणून वापरात असल्याने सामान्य प्रवाशास आतून पाहता येत नाही. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे येथूनच निसटला. ठाण्याच्या जिज्ञासूला मोकळेपणी पाहता येईल असा खाडीवरचा जवळचा टेकडीकोट म्हणून दुर्गाडीकडेच वळावे लागते.

पहिला मार्ग रेल्वेचा. ठाणे ते कल्याण हे अंतर सु. २० किमी. आहे. कल्याण स्थानकापासून किल्ला सु. ३ किमी. असून तेथे जाण्यास बस व रिक्षा मिळतात. टिळक चौक, पारनाका या जुन्या वस्तीतून वाट काढत गेल्यास कल्याणच्या जुन्या वाड्यांचे जे थोडे नमुने शिल्लक आहेत ते पाहता येतात. आनंदीबाई जोशी यांचा जन्म (१८६५) याच गावचा. या मार्गाने किल्ला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, कारण मधल्या इमारती त्याच्याहून उंच झाल्या आहेत.

दुसरा मार्ग रस्त्याचा, नाशिक महामार्गाने रांजणोली नाक्यापर्यंत व तेथून कोन गावावरून दुर्गाडीच्या पुलावर येणारा. अभ्यासकाने शक्यतो याच मार्गाने यावे. पुलावर येताच समोरच्या काठावर टेकडी, तिचा उतार आणि वरचे मंदिर एका दृष्टिक्षेपात दिसते. शत्रूचे किंवा व्यापाऱ्याचे तारू ज्या बाजूने किल्ल्याकडे पाहत असे ती ही बाजू. पुलावरील वाढत्या वाहतुकीमुळे जुन्या पुलाच्या शेजारी सहा पदरी नवा पूल बांधण्यात आला व त्याच्या पहिल्या मार्गिका २०२१ मध्ये खुल्या झाल्या. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो मार्गही याच दिशेने आखलेला आहे.

पायथ्याहून वर जाण्यास पायऱ्या व चढाचा रस्ता आहे. चढ सोपा असून वृद्धांनाही तो विसावा घेत चढता येतो. वाटेत तटबंदीचे भाग दिसतात, पण त्यांतील सर्वच जुने नाहीत. नव्या संरक्षक भिंती, दुरुस्तीचे सिमेंट व रंग यांनी मूळ काम पुष्कळ ठिकाणी झाकले आहे. जुने काम ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सांधा. चुन्याच्या जोडणीचा सांधा फिकट, भुसभुशीत व कडांना झिजलेला असतो. सिमेंटचा सांधा करडा, कठीण आणि दगडाच्या पुढे आलेला दिसतो. पायाजवळचे मोठे घडीव चिरे आणि वरची लहान दगडांची भर यांतील फरकही ध्यानात घ्यावा. ज्या तटाचे वरचे थर धक्क्यांसाठी उतरविले गेले तेथे खालचे थर टिकले, असा क्रम अनेक ठिकाणी संभवतो. माथ्यावर मशिदीनजीक घडीव दगडांची गोल, खोल विहीर आहे. एवढ्या लहान टेकडीवर, खाऱ्या खाडीच्या काठी, गोड्या पाण्याची तरतूद हा किल्ल्याचा प्राण होता. वेढ्याच्या काळात शिबंदी किती दिवस तग धरील हे तटाच्या जाडीइतकेच या विहिरीवर ठरत असे.

माथ्यावरून पश्चिमेस व उत्तरेस खाडीचे रुंद पात्र, पलीकडे कोन व भिवंडीकडील सपाट प्रदेश, नैर्ऋत्येस पारसिकच्या डोंगराची रांग आणि दक्षिणेकडे हवा स्वच्छ असल्यास मलंगगडाचा सुळका दिसतो. पूर्वेस शहर आहे. या दृश्यातील सर्वांत बोलका भाग खाडी हाच होय. उपलब्ध नकाशांवरून बंदराचा विचार करणाऱ्यास कल्याणपर्यंत समुद्रगामी जहाजे कशी येत असतील असा प्रश्न पडतो. भरतीच्या वेळी येथे उभे राहिल्यास तो पडत नाही. ओहोटीच्या वेळी मात्र पात्रातील गाळ आणि उथळ पट्टे पाहून बंदर का मागे पडले हेही समजते. म्हणून भरती–ओहोटीचे वेळापत्रक पाहून, शक्य तर दोन्ही स्थितींत, हे दृश्य पाहावे. २०१६ च्या अधिनियमान्वये कल्याण ते वसई व मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ म्हणून घोषित झाला.

पायथ्याशी गणेश घाट असून तेथे शहरातील गणेशमूर्तींचे विसर्जन होते. जवळच्या रेती बंदराचे नाव खाडीतील वाळूच्या जुन्या व्यवसायाची आठवण देते. वाळूच्या बेसुमार उपशाने काठांची धूप होते, ही तक्रार या खाडीच्या बाबतीत जुनी आहे, आणि काठावरच्या टेकडीलाही तिची झळ लागू शकते. भारतीय नौदलातून निवृत्त झालेली ‘टी-८०’ ही जलदगती लढाऊ नौका २०२४ मध्ये किल्ल्यानजीक स्मारक व संग्रहालय म्हणून ठेवण्यासाठी आणण्यात आली. मराठी आरमाराच्या आरंभाशी असलेले कल्याणचे नाते दाखविण्याचा हेतू त्यामागे आहे. मुलांना नौका अधिक आकर्षून घेते. तिच्यासमोर उभे राहून १६५९ च्या पोर्तुगीज पत्राची हकिकत त्यांना सांगता येण्याजोगी आहे.

किल्ला पाहण्यास पाऊस संपल्यानंतरचे, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने सोईचे. नवरात्रात व ईदच्या दिवशी अवशेषांचे निरीक्षण करता येत नाही. किल्ल्यास एक ते दीड तास पुरत असल्याने त्याच दिवशी शेणाळे तलाव व मातबरखानाची कबर, तसेच सु. ८ किमी. वरील अंबरनाथचे शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिलाहारकालीन शिवमंदिर पाहून होते. ज्यांना कोटाच्या दगडांचा उर्वरित माग काढावयाचा असेल त्यांनी कल्याण व ठाणे येथील जुन्या बंदरांच्या काठीही एक फेरी करावी. धक्क्यांच्या कामांत नंतर अनेक फेरफार झाले असले, तरी किल्ल्यावरील चिऱ्यांचा आकार आणि घडण लक्षात ठेवून गेल्यास तुलना करता येते. ती ओहोटीच्या वेळी, खालचे थर उघडे असताना करावी.